आभाराचा हात

आज माझा उपवास आहे. उपवासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही, लिहीत तर नाहीच.

हे माझ्या शेजारणीच्या बाबतीत घडलं. थेल्माच्या. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या उत्तर किनाऱ्यावर, एप्रिलमधल्या एका बुधवारी. रात्र नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं.

थेल्माचा नवरा क्लिफर्ड. आयुष्यभर त्याने तिच्या हाती गाडी दिली नाही. एकदाच शिकवायला घेतली आणि गाडी मागे घेताना ती अडली. मग काय, दर मेजवानीला तोच विनोद.

"आमची थेल्मा गाडी मागे घेईपर्यंत भरती येऊन ओसरते!"

सगळे हसायचे. तीसुद्धा हसायची.

एके दिवशी समुद्रावरून परतताना त्याच्या छातीत कळ आली. थेल्माने त्याला बाजूच्या सीटवर ढकललं आणि चाक हाती घेतलं. तिथले रस्ते म्हणजे नुसते बोळ. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच झुडपांची भिंत. समोरून गाडी आली, की ज्याच्या मागे बाजूला व्हायची जागा जवळ असेल, त्याने मागे जायचं. दुसऱ्याने जाताना हात वर करून आभार मानायचे. हात न दाखवता निघून जाणं म्हणजे तिकडे शिवीच.

समोरून पेंढ्याने भरलेला ट्रक आला. जागा थेल्माच्या मागे, जेमतेम तीन गाड्यांच्या अंतरावर होती.

तिला मागे जाता येईना.

क्लिफर्ड कोंबड्या हाकलाव्यात तसा हात उडवत होता. "मागे... मागे घे..."

शेवटी ट्रकवाल्यानेच उतरून तिची गाडी मागे घेतली. यात वीस मिनिटं गेली.

तोवर क्लिफर्डचा हात थांबला होता.

त्यांची ती हिरवी गाडी भंगारात गेली. थेल्मा सदुसष्टाव्या वर्षी गाडी शिकली आणि परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात पास झाली. छोटी निळी गाडी घेतली. मग दर बुधवारी थर्मासमध्ये चहा, काकडीची सँडविचेस, आणि एकटीच किनाऱ्याकडे. कड्यावर गाडी लावायची, काच खाली करायची, समुद्र बघत बसायचं.

मला म्हणायची, "अगं, बाजूची सीट रिकामी असली की समुद्र किती मोठा दिसतो!"

मग फेब्रुवारीत, त्याच बोळात...

समोर एक हिरवी गाडी उभी होती.

तिचे दिवे दोनदा लुकलुकले. थेल्मा रीतीप्रमाणे मागे गेली, बाजूला झाली, वाट पाहत राहिली.

गाडी आलीच नाही.

इंजिनाचा आवाज नाही. पाखरांचा नाही. कुणी हातही दाखवला नाही. मान वर केली, तर बोळ रिकामा.

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. दर वेळी मागे जाताना निळ्या गाडीला ओरखडा पडायचा. आणि एकदा तिला समोरच्या काचेमागे हात दिसला...

कोंबड्या हाकलत असल्यासारखा.

थेल्माची मुलगी हेझल टेकाडापलीकडच्या गावात राहायची. रविवारी जेवायला आली, तर गाडीभोवती फेरी मारून चढ्या आवाजातच घरात शिरली.

"आई, हे सहावं खरचटणं! कुणाला तरी चिरडशील एक दिवस."

"तुझे बाबा मला मागे जायला लावतात गं."

हेझल बटाटे वाढता वाढता थांबली. "बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आणि ते का गेले, ते मला बोलायला लावू नकोस. आणखी एक ओरखडा, की किल्ली माझ्याकडे. बसून राहा मग खिडकीत."

थेल्मा रात्रभर जागी होती. किल्ली गेली की संपलंच, असं तिला वाटत होतं.

बुधवारी तिने चहा भरला, कोट घातला. फाटकाशी मला म्हणाली, "आज मी मागे जाणार नाही."

मी म्हटलं, "सांभाळून जा." एवढंच म्हटलं. अडवलं नाही.

बोळाचं वळण आलं. पाखरं गप्प झाली.

हिरवी गाडी समोरच होती.

दिवे लुकलुकले. एकदा... दोनदा... काचेमागे तो हात.

"आता तू मागे घे, क्लिफर्ड," ती म्हणाली आणि पाय दाबला.

धडक बसली.

कुणीतरी किंचाळलं. पुरुषाचा आवाज नव्हता.

थेल्माने डोळे उघडले. समोर हिरवी गाडी नव्हती. पांढरी होती, हेझलची. आईला अडवायला ती पलीकडून आली होती आणि खाली उतरून आपल्या गाडीसमोर उभी राहून हात हलवत होती. आता ती दोन गाड्यांच्या मधे होती, कमरेखाली चेपलेली.

"आई, मागे... मागे घे ना..."

थेल्माला आता मागे जाता येत होतं. डोळे मिटूनही आलं असतं.

तिने गिअर ओढला.

पडेना.

पुन्हा ओढला. दोन्ही हातांनी ओढला. उतरून गाडी ढकलून पाहिली, पुन्हा येऊन बसली. फोनला रेंज नव्हती. हेझल बॉनेटवर गाल टेकून पुटपुटली, "दिवे मी नाही लावले, आई... आपोआप..."

आणि रिकाम्या सीटवरून, अगदी कानाशी, कुणीतरी समाधानाने हसलं.

"जमत नाही ना?"

ट्रॅक्टर घेऊन एक शेतकरी आला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. तो चाकामागे बसला. गिअर लोण्यासारखा पडला.

हेझल तोवर गेली होती.

गॅरेजवाल्याने गाडी दोनदा तपासली. काही बिघाड सापडला नाही.

थेल्मा आता खिडकीत बसते. बुधवारी कोट घालून बसते. मी रोज तिच्यासाठी अकरा माळा जप करते आणि डबा नेऊन देते. पोलिसांना तिने हे सगळं सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते; त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. फक्त एकदा म्हणाली, "तू मला अडवलं का नाहीस?"

ती निळी गाडी कुणी विकत घेत नाही. तिच्या अंगणात उभी आहे. किल्ली माझ्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, कुलूपबंद.

तरी दर बुधवारी अकराला त्या गाडीचे मागचे पांढरे दिवे लागतात.

आणि गाडी थोडी मागे सरकते. बोटभरच.

मागे माझं फाटक आहे.

काल मोजलं... चार हात उरलेत.