बंदूक कुणाची

काम साधंच होतं. कोगनोळीच्या आत एका वस्तीवर जायचं, एक जुनी बंदूक बघायची, ती कुठल्या सालातली, कुठल्या बनावटीची ते सांगायचं आणि परत यायचं. विनय उपाध्येनं असली कामं जन्मभर केली.

ओमकार, तो मोबाईल पालथा ठेव. उजेड डोळ्यात येतोय. सांबऱ्यात लाईट गेली की गेली, आता काय सकाळपातूर येत न्हाय. दिपाली, तूबी. ऐकायचं तर नीट ऐका, न्हायतर उठून झोपा जावा. तुम्हाला गोष्ट सांगायची मला काय हौस आलेली न्हाय.

तर विनय उपाध्ये. आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा, आणि मी खेळाचा मास्तर. टिळकवाडीत बंगला हाय त्याचा. जुन्या हत्यारांतला जाणकार. तलवार दाखवा, बंदूक दाखवा, हातात घेतली की साल सांगणार. पण जीभ अशी की माणूस परत दारात यायचा न्हाय. लोक बिचारे पणजोबाची बंदूक कापडात गुंडाळून आणायचे, आणि ह्यो म्हणायचा, "बेळगाव जिल्ह्यात जेवढे वाघ कधी नव्हते, तेवढे तुमच्या आजोबांनी मारलेत." देवाला हसायचा, भुताला हसायचा. घराणं जैन उपाध्यांचं, घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, तर ह्यो मुद्दाम रात्री ताट घेऊन व्हरांड्यात बसायचा. मला मारुत्या म्हणायचा. खेळाच्या मास्तराला डोकं नसतंय, हे त्याचं मत. त्यानं ते माझ्यापासून कधी लपवलं न्हाय.

गेल्या वर्षीची गोष्ट. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अवस. दुपार कलल्यावर विनय आपली गाडी घेऊन एकटाच गेलता.

वस्तीवर नागुबाई म्हणून म्हातारी. तिचा मालक वारलेला, आणि बंदुकीचं लायसन त्याच्या नावावर. पोलिसांनी सांगितलं, बंदूक आमच्याकडं जमा करायच्या आधी ती किती जुनी, चालते का न्हाय, ते जाणकाराकडनं लिहून आणा. म्हणून म्हातारीच्या पुतण्यानं, युवराजनं, विनयला बोलावलं. युवराज कागलच्या कारखान्यात कामाला. नवीन घर बांधाय घेतलेलं. बंदूक जुनी निघाली तर परवानगी काढून हॉलमध्ये लावायची, असा त्याचा बेत.

"सर, तीनशे वर्सं तर नक्की असंल," युवराज म्हणाला. "पणज्याला सरदारानं दिलती. वाघ मारला म्हणून."

विनयनं बंदूक अंगणातल्या बाजेवर आडवी ठेवली. रॉकेलच्या बोळ्यानं बाजू पुसली. चापाच्या खालचा दांडा खाली ओढला, आत बॅटरी मारली. मग चष्मा काढून म्हणाला, "इकडं ये. हा मुकुट दिसतोय? राणीचा आहे. तुझ्या सरदाराचा नाही. खाली एनफिल्ड. खाली साल, अठराशे ब्याऐंशी. मार्टिनी म्हणतात हिला. तीनशे वर्षं म्हणे."

युवराज वाकून बघाय लागला.

"आणि आत बघ. नळीत पीळ असतात, गोळी फिरत जावी म्हणून. ते घासून काढलेत. म्हणजे ही आता रायफलसुद्धा नाही. पोलिसांना देण्यासाठी अशी करून घ्यायचे. छर्रे मारायला, जमाव पांगवायला. हिनं वाघ मेला नाही, युवराज. ही घेऊन कुणीतरी माणसांसमोर उभा राहायचा."

आतली, काडतुसाला ठोका देणारी सुईबी काढून टाकलेली. म्हंजे बंदूक मेलेली. बार निघणंच शक्य न्हाय.

एवढा वेळ नागुबाई उंबऱ्यात बसून बघत होती. घरात लक्ष्मीचा घट मांडलेला, उद्यापनाचा सैपाक झालेला. ती म्हणाली, "सर, किती जुनी ते ऱ्हाऊ द्या. कुणाची, ते सांगा."

"कुणाची म्हणजे? तुमचीच की."

"आमची न्हवं. सासऱ्याच्या बानं कुठनं आणली, कुणाला ठावं न्हाय. आमची म्हणून ह्या घरात कुणी कधी म्हणलं न्हाय." वाटेकडं बघितलं. "त्यो इचारतोय."

"कोण तो?"

"येतोय एक. अवसंच्या आदल्या राती. हितं दारात हुबा ऱ्हातोय. मालक हुते तवा त्येंस्नी इचारायचा, आता मला. बंदूक यारदु, म्हणतोय. बंदूक कुणाची? आमची न्हवं म्हणलं की जातोय. पर पुन्यांदा येतोय."

विनय हसला. मोठ्यानं. युवराजबी हसला, विनय हसला म्हणून.

"कानडी बोलतोय म्हणा की भूत. सीमाभागातलं भूत, दोन्ही भाषा यायलाच पाहिजेत."

दस्त्यावर, म्हंजे खांद्याला टेकवायच्या लाकडावर, एक पितळी चकती होती. मळानं काळी पडलेली. असल्या चकतीवर नंबर असतोय, कुठल्या ठाण्याची, कुठल्या पहाऱ्याची बंदूक, ते त्यावरनं कळतंय. विनयनं ती घासली. आकडे वर आले, पण बारीक, अर्धे झिजलेले. त्याची एक जुनी विद्यार्थिनी, रचना, कोल्हापुरात एका संग्रहालयात असती. तिच्याकडं असल्या खुणांची पुस्तकं. विनयनं मोबाईलवर फोटो काढला आणि तिला पाठवला.

तिचा फोन आला.

"सर, अंगठा काढा ना. नंबर झाकला गेलाय."

"कसला अंगठा?"

"चकतीवर अंगठा आलाय कुणाचा तरी."

विनयनं आपला फोटो बघितला. अंगठा-बिंगठा काय न्हाय. त्यानं युवराजला झापलं, "लांब उभा राहा, मध्ये हात घालू नकोस." युवराज आधीच लांब होता, हातात बॅटरी धरून. दुसरा फोटो काढला. पाठवला.

"सर… आता चार बोटंपण आहेत. मूठ आहे. दस्ता धरून ठेवल्यासारखी." मग रचना म्हणाली, "सर, तिथं कोण आहे तुमच्याबरोबर? त्या बोटांना नखं नाहीत."

"तुझा मोबाईल बदल," विनय म्हणाला, आणि फोन ठेवला.

आता हितं शहाण्या माणसानं काय केलं असतं? दिपाली, सांग. गप निघून आला असता. पण ह्यो शहाणा न्हवता, ह्यो हुशार होता. दोन्हीत लई फरक हाय, आणि ह्यो फरक तुमच्या शाळेत कोण शिकवत न्हाय.

अंधार पडत आलता. नागुबाईनं जेवून जावा म्हणून आग्रह केला. विनयनं रुमालाला हात पुसले आणि म्हणाला, "ताट त्याला वाढा, तुमच्या पाहुण्याला. आणि पुन्हा विचारलं त्यानं, तर सांगा, बंदूक उपाध्ये सरांची आहे. टिळकवाडीत राहतात, तिकडं जाऊन विचार. मिटली तुमची कटकट."

नागुबाई म्हणाली, "असं म्हणू नगासा सर."

"म्हणालो की."

म्हातारी उठली. घटासमोरचा दिवा विझाय आलता, ती आत गेली.

वस्तीवरनं हायवेला यायला कच्ची वाट. दोन्ही बाजूला ऊस, मध्ये एक मोरी. थंडीचे दिवस, काचा बंद. मोरीजवळ आला तर एक माणूस हात वर करून हुबा. खाकी हाफ पँट. पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या, जुन्या फोटोतल्या पोलिसांसारख्या. पाय अनवाणी. विनयला वाटलं, हायवेच्या नाक्यावरचा कोण तरी असंल. गाडी थांबवली, काच खाली केली.

माणसानं वाकून आत बघितलं न्हाय. नुसता हुबा. चेहरा गाडीच्या टपाच्या वर, अंधारात.

"बंदूक यारदु?"

विनयला तेव्हा रागच आला, मला म्हणाला तो. युवराजनं कोणाला तरी सोंग घेऊन पाठवलंय, असं वाटलं.

"युवराजला सांग, कपडे चांगले आणलेस भाड्यानं," असं म्हणाला आणि गाडी काढली. आरशात बघितलं. मागं वाट. मागच्या दिव्यांचा लाल उजेड. माणूस न्हाय. उसात शिरला असंल.

हायवेला लागला. निपाणी गेलं. ट्रक होते, हॉटेलं होती, उजेड होता. रेडिओ लावला. मला म्हणाला, मारुत्या, मी सगळं विसरलोसुद्धा होतो.

तवंदीचा घाट लागला. ट्रक मागं पडले. म्होरं कोण न्हाय.

वळणावर दिव्यांच्या उजेडात तोच माणूस. हात वर.

ह्यानं गाडी थांबवली न्हाय. काचाबी बंद. बाजूनं निघून गेला. आणि रेडिओ चालू असताना, काच बंद असताना, कानाशी…

"बंदूक यारदु?"

रेडिओ बंद केला. पुढचं वळण. तिथंबी तो. हात वर न्हाय आता. नुसता हुबा. ह्यानं नजर रस्त्यावर ठेवली. पुढचं वळण. कोण न्हाय. त्याच्या पुढचं. कोण न्हाय. बरं वाटलं.

मग मागची सीट दबली.

माणूस बसला की गाडी जराशी खाली बसते बघा. तशी.

आरशात बघायचं न्हाय, असं त्यानं ठरवलं. बघितलं न्हाय. गाडीत उबट वास आला, भिजलेल्या लोकरीचा. मागनं श्वास ऐकू येत न्हवता. काहीच ऐकू येत न्हवतं.

"बंदूक…"

ह्यो गप.

"…यारदु?"

ह्यो गप. वळण. घाट. अंधार.

"यारदु?"

मला म्हणाला, "मारुत्या, भिऊन म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी भिऊन म्हणालो नाही. मी वैतागून म्हणालो."

"माझी," म्हणाला. "माझी आहे. झालं?"

आवाज झाला न्हाय. बार ऐकू आला न्हाय. उजव्या खांद्याला धक्का बसला. आतनं न्हवे, बाहेरनं. स्टेअरिंग सुटलं हातातनं. गाडी कडेला जाऊन थांबली. दिवे चालू.

दिव्यांच्या उजेडात, पुढं, कोण तरी चाललं होतं. पाठमोरं. बाई असावी. डोक्यावर गाठोडं. ती थांबली. गाठोडं पडलं. मग ती खाली बसली. सावकाश… दमलेलं माणूस बसतं तशी. मग आडवी झाली.

विनय दार उघडून पळत गेला.

रस्ता कोरा.

मागं वळून बघितलं. गाडीत कोण न्हाय. चारी दारांपैकी एकच उघडं, त्याचं स्वतःचं.

पहाटे दुधाच्या टेंपोवाल्यानं काच वाजवली तेव्हा ह्यो गाडीत बसलेला. दिवे तसेच चालू, बॅटरी उतरत आलेली. टेंपोवाल्यानं त्याला बेळगावला आणून सोडलं. वाटेत एक शब्द बोलला न्हाय. ह्यो माणूस, जो गप बसायचा म्हणून कुणाला म्हायती न्हवता.

बंदुकीबद्दल त्यानं लिहून दिलं. मार्टिनी, एनफिल्डची, साल अमुक, पीळ काढलेले, सुई न्हाय, चालण्याजोगी न्हाय. बंदूक ठाण्यात जमा झाली. युवराजचा हॉल कोराच ऱ्हायला, त्याचं मला काय वाटत न्हाय. पुढच्या अवसेला नागुबाईनं युवराजच्या फोनवरनं विनयला फोन केला. म्हणाली, "सर, आता येत न्हाय त्यो. तुम्ही त्येला काय सांगितलासा?" विनयनं फोन ठेवून दिला. तेव्हापासनं कुणाचं हत्यार बघायला गेला न्हाय. बोलावणं आलं की म्हणतो, मला त्यातलं काय कळत नाही.

आता तुम्ही म्हणशीला, झोप लागली असंल, स्वप्न पडलं असंल. ओमकार, तुझ्या तोंडावरच दिसतंय ते. मीबी तेच म्हणालो त्याला. चांगलं तोंडावर म्हणालो. आयुष्यभर माझ्यावर हसला, एक दिवस माझा.

त्यानं शर्टाची वरची बटणं काढली, आणि उजवा खांदा उघडा केला.

बंदूक खांद्याला लावून बार काढला की दस्ता मागं मार देतोय, हे मी एनसीसीच्या पोरांना शिकवलंय. नीट धरली न्हाय तर वळ उठतोय. मला तो वळ ओळखाय येतोय. विनयनं त्या दिवशी ती बंदूक खांद्याला लावलीसुद्धा न्हवती.

हे मी बघितलं ते उन्हाळ्यात. मार्गशीर्ष जाऊन किती महिने झाले, तुम्हीच बघा. डॉक्टर म्हणाले, असला मार पंधरवड्यात पिवळा पडून जातो. गेल्या आठवड्यात मी परत टिळकवाडीला गेलतो. त्यानं न सांगता शर्ट काढला.

काळानिळा. कडेला लाल. बोट लावलं तर गरम.

आत्ताच बसल्यासारखा.