‘कुठून’ हा रकाना

कोठी भागातल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीन कॉम्प्युटर होते आणि तिघांच्या तीन तऱ्हा. रिसेप्शनवर विंडोज, मशीनरूममध्ये लिनक्स, आणि लॅबचे मालक डॉक्टर भगवंतराव यांच्या केबिनमध्ये त्यांच्या मुलानं अमेरिकेहून पाठवलेला मॅक. एकच प्रोग्रॅम तिन्हीवर चालला पाहिजे, अशी भगवंतरावांची अट होती. लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या रसिकानं तो सी भाषेत लिहून ती पुरी केली, त्याला आता चार वर्षं झाली.

रक्त तपासणारी यंत्रं पाच कंपन्यांची होती आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. अशा वेळी सगळं प्रोग्रॅमच्या पोटात कोंबायचं नसतं. प्रत्येक यंत्राचं काम एकेका लायब्ररीत, म्हणजे वेगळ्या फाइलीत, ठेवायचं. गरज पडली की प्रोग्रॅम ऐन वेळी ती लायब्ररी उघडतो आणि नाव घेऊन विचारतो, अमुक फंक्शन, म्हणजे अमुक काम करणारा तुकडा, इथं आहे का? असेल तर त्याचा पत्ता मिळतो, नसेल तर शून्य. विंडोजवर विचारायची रीत एक, लिनक्सवर दुसरी, आणि मॅकची लिनक्ससारखी असली तरी नखरे स्वतःचे. हे सगळं सांभाळणारा भाग म्हणजे लोडर. तो रसिकानं स्वतःच्या हातानं लिहिला होता आणि त्याचा तिला पोटच्या पोरासारखा अभिमान होता. सोबत तिनं एक नोंदवहीही ठेवली होती, तीन रकान्यांची. कोणतं नाव मागितलं, मिळालं की नाही, आणि कुठून मिळालं. सगळं सुरळीत चाललेलं असताना असल्या नोंदी कोण वाचतो?

एप्रिलमधल्या एका सोमवारी पेशी मोजणारं यंत्र अडलं, म्हणून तिनं ती नोंदवही उघडली. बाहेर औषधांच्या दुकानांसमोर ऑटोंचा गोंगाट चालला होता. आत स्पिरिटचा वास आणि एसीची घरघर. फंक्शनांची नावं एकाखाली एक सरकत होती, आणि त्यांच्यामध्येच एक नाव होतं : कुसुमताई पांगरकर. मिळालं. ‘कुठून’ हा रकाना कोरा.

रसिका जरा हसलीच. पेशंटचं नाव भलतीकडे घुसलंय, म्हणजे मेमरीत कुठंतरी आपणच घाण केलीय. आपलीच चूक, आपणच निस्तरायची. तिनं टेक्निशियन श्रीलताला विचारलं, “ये कुसुमताई का रिपोर्ट निकला क्या?”

“निकला मॅडम. लेने कोई नै आया.” श्रीलतानं खणातल्या लिफाफ्यांकडे हनुवटीनं खूण केली. “गुजर गए ना वो. परसों, सुबू के टाइम.”

नोंदीवरची तारीख परवाचीच होती. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं.

रसिका शास्त्र शिकलेली, पुण्यात वाढलेली. योगायोगाला ती योगायोग म्हणायची. पण हाताला चाळा म्हणून तिनं मागच्या महिनाभराच्या नोंदी चाळल्या. माणसांची अकरा नावं निघाली. प्रत्येक नाव तीन वेळा आलेलं. पहिल्या दिवशी रिसेप्शनच्या विंडोजवर : मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी मशीनरूमच्या लिनक्सवर : मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या मॅकवर : मिळालं. वेळ दर वेळी अकरा चाळीस, आणि रकाना दर वेळी कोरा. खणात न नेलेले लिफाफे होते चौदा. त्यातल्या अकरांवर तीच नावं होती.

ती उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

मंगळवारी अकरा चाळीसला बारावं नाव आलं : उदय. तिशीचा माणूस, तापासाठी रक्त देऊन गेलेला. रसिकानं त्या दिवशी लोडर उलगडून पुन्हा लिहिला. माणसाचं नाव असेल तर विचारायचंच नाही, अशी अट घातली. बुधवारी लिनक्सवर नोंद आलीच. मग गुरुवारी तिनं भगवंतरावांना काहीतरी थाप मारून मॅकची वायर भिंतीतून काढली आणि दिवसभर तो बंद ठेवला. “एक दिवस मेल नाही बघितली तर मी काही मरत नाही,” भगवंतराव हसत म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मॅक सुरू केला. नोंदवहीत कालची तारीख होती, कालची वेळ होती. उदय. मिळालं.

गुरुवारी गेलेल्या उदयचा भाऊ शनिवारी लिफाफा न्यायला आला. आता कशाला न्यायचा, ते त्यालाही सांगता येईना. त्यानं लिफाफा हातात धरला, परत टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

रसिकानं हे घरी नवऱ्याला, अजयला, सांगितलं नाही. सांगितलं ते सासऱ्यांना. हिम्मतराव शहात्तर वर्षांचे, कोर्टातून निवृत्त झालेले दुभाषी. जुने उर्दू कागद मराठीत आणि इंग्रजीत करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून त्यांची टकळी चालायची. पेपरवाला, लिफ्टवाला, भाजीवाली, कोणी सुटत नसे. लग्न होऊन इथं आल्यावर पहिलं वर्ष रसिकाला हे शहर परकं होतं. ते तिला आपलंसं झालं ते या माणसाच्या बडबडीमुळे. वडील गेल्यापासून ती यांनाच बाप मानत आली होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थट्टा केली नाही, हे पाहून ती जास्तच घाबरली.

“माझ्या आईची तीन पोरं पाळण्यातच गेली,” ते म्हणाले. “चौथा झाला त्याचं नाव ठेवलं दगडू. का, तर न्यायला येणाऱ्यानं नाव ऐकावं, दगड समजावं आणि निघून जावं. चौऱ्याहत्तर वर्षं जगला दगडूदादा. त्याच्या पाठीवर मी झालो, तोवर आईची भीड चेपली होती. म्हणून मी हिम्मतराव! काय की बाबा, पुणेकरणीला असलं पटायचं नाही.”

“बाबा, तुम्ही इतक्यात लॅबमध्ये गेला नव्हतात ना?”

“गेलो होतो की, काल. शुगर तपासायला. भगवंतराव पैसे घेईना झाला, मी म्हटलं नक्को, घे.”

सोमवारी अकरा चाळीसला रसिका रिसेप्शनच्या कॉम्प्युटरसमोर उभी होती. हिम्मतरावांचं पूर्ण नाव आलं. मिळालं नाही.

तिनं खुर्ची ओढून घेतली. विचारणं थांबवता येत नाही, हे उदयच्या वेळी कळलं होतं. मग उरतं काय? दगडू उरतो. लोडर ठरलेल्या क्रमानं एकेक जागा शोधत जातो. ज्या जागी नाव पहिल्यांदा सापडतं तिथंच थांबतो, पुढं जात नाही. म्हणजे त्या कोऱ्या रकान्याच्या आधी, सगळ्यांच्या आधी, आपणच त्या नावाचं काहीतरी ठेवून द्यायचं. या धंद्यात असली पोकळ फंक्शनं रोज लिहितात. नाव खरं, आत काही नाही. विचारणाऱ्याचं समाधान होतं, काम अडत नाही.

तिनं लिहिलं. चार ओळी. नाव हिम्मतरावांचं, काहीही न घेणारं, काहीही न करणारं, शून्य परत देणारं. विंडोजसाठी एक लायब्ररी बांधली, लिनक्ससाठी एक, मॅकसाठी एक. मंगळवारी लिनक्सनं ती ओलांडली, मिळालं नाही म्हणाला. शोधायच्या जागांची यादी तिनं बाहेरून दिली होती, आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती वाचलीच गेली नव्हती. मॅकवर तर असल्या बाहेरच्या यादीला कित्येकदा विचारतच नाहीत. एवढी साधी गोष्ट आपण विसरलो! तिनं लायब्ररी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवली, लोडरला तिचा पूर्ण पत्ता दिला, मॅकला हवी असते ती डिजिटल सही केली, आणि वीस वेळा तपासून पाहिलं.

बुधवारी भगवंतरावांच्या केबिनमध्ये ती अकरालाच जाऊन बसली.

अकरा चाळीस. हिम्मतराव. मिळालं.

‘कुठून’ या रकान्यात तिच्या लायब्ररीचं नाव होतं.

ती रडली. भगवंतराव गोंधळून पाण्याचा ग्लास पुढं करत राहिले. तिनं घरी फोन लावला. अजय त्या दिवशी घरूनच काम करत होता.

“बाबा कसे आहेत?”

“मजेत. बसलेत बाल्कनीत. का गं?”

ऑटोतून घरी जाताना तिला सगळं जग देखणं दिसत होतं, नल्लाकुंट्याचा ट्रॅफिकसुद्धा. लिफ्टची वाट न बघता ती तीन मजले चढली.

हिम्मतराव बाल्कनीतल्या खुर्चीत होते. पेपर मांडीवर, घडीही न मोडलेला.

“बाबा!”

त्यांनी लगेच मान वळवली. “हं.”

“बरं वाटतंय ना?”

“हं.”

ती वाट बघत राहिली. खाली भाजीवालीनं हाक मारली. त्यांनी तिकडे मान वळवली. “हं.” आणि मान परत जागेवर आणली. डोळे उघडे होते, स्वच्छ होते. तिनं त्यांचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता, नाडी नीट चालली होती. तिनं विचारलं, जेवलात का? हं. दगडूदादाचं गाव कोणतं? हं. मी कोण आहे, बाबा?

“हं.”

दोन दिवसांत तीन डॉक्टर झाले. मेंदूचा फोटो निर्मळ निघाला. वयानं होतं असं, एकानं सांगितलं. अजय रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसून त्यांना लहानपणच्या गोष्टी सांगायचा आणि प्रत्येक वाक्याला हुंकार यायचा, एका मापाचा. तो म्हणाला, “ऐकतायत गं. नक्की ऐकतायत.” रसिकाला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

लायब्ररी काढून टाकता येत होती. एक बटण दाबायचं काम. काढली तर दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला काय होईल, हे तिला माहीत होतं. तिनं तीन वेळा तो फोल्डर उघडला आणि तीन वेळा बंद केला.

शनिवारी दुपारी ती आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. लॅबचे कॉम्प्युटर तिला घरून उघडता येत. त्या चार ओळी तिनं समोर घेतल्या. शून्य परत देणारी ओळ पुसली. त्या जागी काय लिहावं, ते बराच वेळ सुचेना. एवढं बोलणारा माणूस, आणि त्याचं एक वाक्य आठवेना. शेवटी तिनं लिहिलं, आज हवा बरी आहे. लायब्ररी पुन्हा बांधली आणि तिन्हीकडे पाठवून दिली.

बाहेर अजय म्हणत होता, “बाबा, सरबत घेता का?”

“आज हवा बरी आहे,” हिम्मतराव म्हणाले. आवाज त्यांचाच होता.

ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला. “रसिका! अगं, बाबा बोलले! बाबा, काय म्हणालात? परत म्हणा ना!”

“आज हवा बरी आहे.”

“हो, हो, खूप बरी आहे! बाबा, मला ओळखलंत ना?”

“आज हवा बरी आहे.”

रसिकानं दार लोटून घेतलं आणि दुसरं वाक्य लिहायला सुरुवात केली.