पाहायला आलेली

एसटीत बायकांना अर्धं तिकीट.

आलूबोंड्यावर तर्री, वर कच्चा कांदा.

तीन स्थळं मला पाहून गेली. निघताना दर वेळी कुणीतरी मोठ्या माणसानं माझ्या हातावर नोट ठेवली. रीतच तशी.

जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर दिवसभर कापसाच्या गाड्या मोजल्या, की संध्याकाळी माझ्या केसांतून कापूस निघतो.

आणि पुसद-दिग्रस बसचा कंडक्टर : "सुटे नाईत. हे नोट तुमी दोघं वाटून घ्या."

दोघं म्हणजे मी, अर्पिता... आणि खिडकीजवळचा तो. पियुष. उमरखेडचा, घरची शेती. नोट मोडायला दिग्रस स्टँडसमोर चहा घेतला. नोट मोडली, पण चहाचे त्यानं त्याच्या वाट्यातून दिले. पुढच्या भेटीत उसाच्या रसाचे त्यानं. मग कुल्फीचेही. माझा हात पर्सपाशी पोचायच्या आतच —

"आज मी देणार," त्या शनिवारी आलूबोंड्याच्या हॉटेलात मी बजावलं.

"काहून? मी बसलो असतानी?"

"बस ना मंग. नुसता बसून राय."

तो हसला. ओठाला तर्री लागली होती. मी सांगितलं नाही. मनात पक्कं होतं : आज यानं पाकीट काढलं, तर ही शेवटची भेट. याच्याही हातून मला नुसतं घ्यायचंच असेल, तर नको.

हॉटेलवाले देवीलालभाऊ बिल घेऊन आले, ते सरळ त्याच्याकडे. मी नोट पुढे केली.

"राहू द्या ताई. भाऊ हाये ना."

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. पियुषचा हात खिशाकडे गेला... थांबला. बाहेर आला, तो रिकामा.

"त्यायच्याकडूनच घ्या, भाऊ. त्या मले पाह्याले आल्या हाये."

भजी काढणाऱ्याचा झारा हवेतच.

पियुषनं तळहात माझ्यापुढे पसरला. "पाह्यलं ना मले? मंग रीत कर. ठेव काईतरी."

तळहात घामेजला होता. कान लाल. तरी हात हलला नाही.

चारचौघांत पुढे केलेला पुरुषाचा हात... मी बघतच राहिले. याला घेता येतं! आमच्याकडच्या पुरुषांना ते येतच नसेल, असं मी धरूनच चालले होते. पर्समधून दुसरी नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. बोटं मात्र परत घेता येईनात.

"पसंत?" त्यानं हळूच विचारलं.

"घरी इचारून कळवतो," मी मुलाकडच्यांच्या आवाजात म्हणाले.

देवीलालभाऊ खो-खो हसले.

"तवरोक हात असाच ठिवू का?"

"ठिव —" नोटेवर मी त्याची बोटं मिटवली. "हाव, पियुष. पसंत."

त्यानं मला नंतर सांगितलं : आदल्या रविवारी घाटंजीत त्याला एक मुलगी दाखवली होती, आणि त्याच्या काकानं तिच्या हातावर नोट ठेवली तेव्हा तो उठून बाहेर गेला होता.