सारवलेली शाळा

प्रयोगशाळेतल्या काचपेटीत देवशेतच्या जुन्या शाळेची जमीन ठेवली होती. पाटाएवढा तुकडा, शेणामातीचा. कडेने पाहिलं की सारवणाचे पापुद्र्यासारखे थर दिसत. शेजारच्या स्टुलावर सात वर्षांची निरा बसली होती. तिला शब्दक्षय झाला होता. या आजारात मुलं एकेक शब्द विसरत जातात आणि शेवटी गप्प होतात. कालपर्यंत ती पाण्याला पाणी म्हणत होती. आज तिने नुसतं बोट दाखवलं.

तिची आई, डॉ. शर्वरी गोवंडे, वाचाशास्त्रज्ञ होती. सगळे उपचार तिने करून पाहिले होते आणि एकही लागू पडला नव्हता. उरले होते देवशेतचे, कधीच वारलेले भिकाजी गुरुजी. फार पूर्वी हाच आजार कोकणात येऊन गेला, तेव्हा मुकी झालेली मुलं देवशेतच्या शाळेत आणून बसवत, आणि ती बोलत घरी जात. गुरुजी काय शिकवत, कोणत्या तालात, हे कुणीच टिपून ठेवलं नाही.

"मुजावर, मला नीट समजावून सांगा. तुमचा अहवाल डोक्यावरून गेला."

पदार्थशास्त्रज्ञ इक्बाल मुजावर हसले. "अहवाल समजला असता तर पैसे कोणी दिले असते? हे पाहा ताई, ओला चिखल आवाजाने थरथरतो. आपल्याला दिसत नाही, पण त्यातले बारीक कण सरकतात. वाळताना ते जिथल्या तिथे अडकतात. म्हणजे आवाज आत कोंडला गेला. आपला ध्वनिवाचक किरणांनी ते कण टिपतो आणि आवाज पुन्हा उभा करतो."

"आणि वाळल्यानंतरचे आवाज?"

"वाळलेली जमीन बहिरी. पण शाळा वरचेवर सारवत असत. इतक्या थरांत एखादा धडा नाही का सापडणार? फक्त एक आहे, वाचताना थर जळतो. ऐकायचं ते एकदाच."

यंत्र सुरू झालं. आधी तळहाताची सपसप, मग कावळा. मग एका पोराचा आवाज: "गुरुजी, येऊ आत?"

"थांब रे, ओलं आहे अजून," एक जाड, शांत आवाज म्हणाला.

"हेच ते!" शर्वरीने मुजावरांचा दंड धरला. "हेच गुरुजी!"

दुसऱ्या थरातही सपसप, आणि "थांबा." तिसऱ्यात कुणी तरी अंगणात हसलं, आणि "ओलं आहे." चौथा, पाचवा. मुजावरांची थट्टा बंद झाली. बऱ्याच वेळाने त्यांनी यंत्र थांबवलं.

"ताई, तुम्ही कधी जमीन सारवली आहे?"

"मी? फ्लॅटमध्ये?"

"मीही नाही. दोघंही गाढव आपण. ओल्या सारवणावर पोरं कोण बसवेल? ओल असेपर्यंत ती अंगणात. वाळलं की आत. आणि वाळलं की..."

"जमीन बहिरी," शर्वरी म्हणाली आणि खाली बसली.

थोड्या वेळाने ती उठली. "एखादं तरी वात्रट पोर असेल ना? न ऐकता आत घुसलेलं. त्याला तिथेच बसवून गुरुजींनी काही म्हटलं असेल."

"तसं असेल तर पाऊल उमटलेलं असणार."

त्यांनी उरलेल्या थरांची क्ष-किरण छायाचित्रं एकेक करून पाहिली. पाऊल कुठेच नव्हतं.

"फार शिस्तीची शाळा होती," मुजावर पुटपुटले. दोघांपैकी कुणालाही हसू आलं नाही.

तरीही शर्वरीने सगळे थर वाचायला लावले. एकेक जळत गेला. शेवटचा थर सारवला त्या दिवशी हवा दमट असावी, कारण एका कोपऱ्यात ओल जरा जास्त रेंगाळली होती. सपसप झाली. अंगणातला गलका झाला. आणि मग, पहिल्यांदाच, पावलं आत आली. मांडीला मांडी लावून मुलं बसल्याची खसखस. कुणी तरी खाकरलं.

"बसलात सगळे? आता माझ्यामागून म्हणा..."

तेवढ्यात तो कोपराही वाळला. पडद्यावरची रेघ सरळ झाली.

शर्वरीने मागे वळून पाहिलं. निरा स्टुलावर ताठ बसली होती. तिने तोंड उघडलं होतं, आणि ध्वनिवाचकाकडे डोळे लावून ती पुढच्या शब्दाची वाट पाहत होती.