पांगाऱ्यावरची भोरडी

केसरीनाथने कापड विणायचे लूम विकून कॅमेरा घेतला तेव्हा बायजाबाईने कपाळावर हात मारला. आता घरात पाखरांचे हजारभर फोटो होते आणि घरधन्याचा एकही नव्हता. कुणी समोर मोबाइल धरला की हा गृहस्थ तोंड फिरवून झाडाकडे बोट दाखवी.

अंबाडीच्या रस्त्याला त्याच्या गोडाउनमागे पांगारा होता. मार्चमध्ये तो लालभडक फुलला की भोरड्यांचे थवे उतरत. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि शाळा सुटल्यासारखा कलकलाट. फुलांतला रस पिऊन त्या उत्तरेला निघून जात.

यंदा सोमवारी त्यातली एक चक्क बायजाबाईच्या आवाजात म्हणाली, "अवो, गॅस संपला." केसरीनाथने कानात बोट घालून हलवलं. मंगळवारी सकाळी बायकोने तेच, त्याच सुरात सांगितलं. त्याच दिवशी भोरडीने कालवणात मीठ जास्त झालं काय, असं विचारलं. बुधवारी ताट पुढ्यात येताच, बायकोने विचारायच्या आधीच केसरीनाथने "न्हाय, बरोबर हाय," म्हणून टाकलं. बायकोचा घास हातातच राहिला. तीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच तिच्या एक पाऊल पुढे होता, आणि त्याला ते भारी आवडलं.

शेजारचा गोडाउनवाला तुळशीराम त्याच्यासारखाच पाखरवेडा. हे ऐकून तो एवढा हसला की चहा नाकात गेला. उद्या येतो, बोलताना तिची चोच टिपू, असं त्याने ठरवलं.

गुरुवारी तो यायच्या आधीच भोरडी खालच्या फांदीवर आली. आवाज बायजाबाईचाच, पण घसा बसलेला.

"हाच बरा हाय. मोठा करून आणा, भावजी. हार बसला पायजे."

केसरीनाथ बुंध्याआड सरकला. घरात हार होता तो फक्त वडिलांच्या फोटोला. आता उद्यापर्यंत आपला फोटो निघता कामा नये, एवढं त्याने पक्कं केलं.

तुळशीराम आला तेव्हा तो डोक्यावरून टॉवेल घेऊन बुंध्यामागे बसला होता. मला काढू नको, असं त्याने तीनदा बजावलं. तुम्हाला कोण काढतंय, म्हणत तुळशीरामने कॅमेरा फांदीवर रोखला. भोरडी दिवसभर गप्प राहिली.

संध्याकाळी अख्खा थवा एकदम उठला. केसरीनाथने टॉवेल सारून वर पाहिलं, पाखरवेडा तो पाखरवेडाच.

शुक्रवारी पांगारा रिकामा होता. भोरड्या गेल्या म्हणून केसरीनाथला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. त्याने दोनदा चहा मागितला.

तेवढ्यात तुळशीराम तोंड पाडून आला आणि त्याने मोबाइलवर उतरवून घेतलेला कालचा फोटो पुढे केला.

"भोरडी हलली, दादा. पन तुमी एकदम झकास आलाय."

गुलाबी धुरकट रेघेखाली केसरीनाथ वर बघत होता. चेहरा लख्ख.

बायजाबाई पदराला हात पुसत आली. सकाळपासून तिचा घसा बसला होता.

"हाच बरा हाय," ती म्हणाली.

केसरीनाथने भिंतीकडे पाहिलं. वडिलांच्या फोटोशेजारी एक नवा खिळा होता. तो कुणी ठोकला, हे त्याने विचारलं नाही.