दुसऱ्यांदा प्रवेश

वारज्यात मी बारा वर्षं व्हिसाची कामं करतेय. कसब्यातल्या नजमाताई आणि त्यांचे यजमान शहेजादभाई, दोघेही निवृत्त शिक्षक, नवेकोरे पासपोर्ट घेऊन आले. आधी व्हिएतनाम, तिथून बसने कंबोडिया, चार दिवसांनी पुन्हा व्हिएतनाम आणि मग घर, असा बेत होता.

"व्हिएतनाममध्ये दोनदा शिरणार, म्हणजे मल्टिपल एंट्रीचाच व्हिसा लागेल," मी सांगितलं. पासपोर्ट ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी स्कॅन करताना नजमाताईंच्या सातव्या पानावर शिक्का दिसला. कंबोडियातून बाहेर पडल्याचा. तारीख पुढच्या महिन्याची, चौदा. नाव, नंबर, फोटो सगळं त्यांचंच. शहेजादभाईंचा पासपोर्ट कोरा होता.

मी दोघांना बोलावून घेतलं.

"मी अजून विमानतळसुद्धा पाहिलेला नाही," ताई म्हणाल्या.

ते पोहोचेपर्यंत सहाव्या पानावर आणखी तीन शिक्के उमटले होते. व्हिएतनाममध्ये प्रवेश. तिथून बाहेर. कंबोडियात प्रवेश. पासपोर्ट सकाळपासून माझ्या टेबलावरच होता.

ताईंनी पानं पुन्हापुन्हा उलटली. "सातव्या पानानंतर कुठला शिक्का यायला हवा?"

"परत व्हिएतनाममध्ये शिरल्याचा."

"तो नाहीये."

"नाही."

शहेजादभाईंनी तिथेच सहल रद्द केली. ताई पासपोर्टला हात लावायला तयार नव्हत्या. मी तो कपाटात बंद केला. रोज सकाळी उघडून बघायचे. नवा शिक्का उमटला नाही.

चौदा तारखेला सकाळी दहाला मी फोन केला.

"जरा येऊन जाता का?" शहेजादभाई एवढंच म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार सताड उघडं होतं. दारापासून चार पावलांवर, जिन्याच्या तोंडाशी, नजमाताई उभ्या होत्या. पायात घरातल्या सपाता, पर्स छातीशी घट्ट धरलेली.

"सातला दूध आणायला खाली गेली होती," शहेजादभाई दारातून म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "तेव्हापासून इथेच उभी आहे. आत ये म्हटलं की म्हणते, नंबर आलेला नाही."

"ताई, तुमचंच घर आहे. चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने अर्धं पाऊल पुढे सरकल्या आणि पुन्हा थांबल्या.

समोर कोणी नव्हतं.

हाताला धरून आत न्यावं, म्हणून मी त्यांच्या मागे गेले.

ताईंनी मान वळवली. हळू आवाजात, समजुतीने म्हणाल्या, "जरा मागे उभ्या राहा. तुमच्या आधी ही एवढी माणसं आहेत."