भित्रा पहिलवान

कुत्रा आधी आला, मालक नंतर.

दुपारी पलीकडच्या खडकात सुरुंग उडाला, दवाखान्याच्या काचा खडखडल्या आणि उघड्या दारातून एक धिप्पाड तपकिरी कुत्रा आत घुसून थेट माझ्या टेबलाखाली शिरला. टेबलासकट थरथरायला लागला. टेबलावर एक मांजर होतं, कान दाखवायला आलेलं. त्याने माझ्या मनगटावर ओरखडे काढले आणि कपाटाचा माथा गाठला. प्राण्यांच्या डॉक्टरला रागावणं शोभत नाही म्हणतात. त्या दिवशी मी शोभेची पर्वा केली नाही.

थोड्या वेळाने मालक धापा टाकत दारात उभा. केसांत धूळ, पापण्यांवरसुद्धा धूळ.

"आमचा पहिलवान इथे आलाय का?"

टेबलाखाली शेपूट हललं.

"हा पहिलवान?"

"अंगाने आहे हो. मनाने जरा…"

"मनाचं सोडा. हे सुरुंग कोण उडवतं, ठाऊक आहे तुम्हाला? एकदा सापडू दे मला तो. याच टेबलाखाली बसवते त्याला!"

तो वाकून टेबलाखाली बघू लागला. "दोघांना जागा होईल का? नाही म्हणजे… मीच उडवतो."

मी भडकायला हवं होतं. पण मला हसूच आलं, आणि बाहेर नंबर लिहून घ्यायला बसणारी माझी मावशी उगाचच खोकली.

आवाजाच्या भीतीचं औषध त्याच्याकडे आधीपासून होतं. गुण मात्र येत नव्हता.

"देता कधी?" मी विचारलं.

"सुरुंग उडाला की. घरी पोचल्या पोचल्या."

"म्हणजे बैल गेला नि झोपा केला! अहो, हे आवाजाच्या तासभर आधी द्यायचं असतं. आणि कसं देता?"

"पावात लावून. आवडीने खातो."

"गिळलं की वाया जातं ते. हिरडीला लावायचं, हातमोजे घालून."

त्याचे कान लाल झाले. "पण सुरुंग भरायला घेतले की सगळं संपल्याची शिट्टी होईपर्यंत मला जागा सोडता येत नाही. आणि घरी दुसरं कोणी नाही."

शेवटचं वाक्य त्याने साधंच म्हटलं. मावशीने मात्र खुर्ची पुढे ओढली.

मग असं ठरलं की सुरुंगाच्या दिवशी पहिलवान सकाळीच माझ्याकडे यायचा. सुरुंगाजवळ मोबाईल चालत नाही, म्हणून तासभर आधी तिकडच्या ऑफिसातून त्याचा फोन. मी मोजे चढवायचे, त्याचा ओठ अलगद उचलून हिरडीला औषध लावायचं आणि मागच्या खोलीत जाड पडदे ओढून त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचं. तो झोपायचा नाही, नुसता निवांत पडायचा. आवाज व्हायचा, शिट्टी व्हायची आणि पुन्हा फोन.

"पहिलवान कसा आहे?"

"एक कान हलवला. मग जांभई दिली."

"माझ्या कामाला जांभई! आणि तुम्ही?"

"मी काय?"

"दचकलात का?"

"मग? मला कोण औषध देतंय…"

"सांगून तर बघा," तो म्हणाला, आणि माझ्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला.

मावशी म्हणाली, "कुत्र्याचं दुखणं उतरतंय. तुझं चढतंय."

खोटं कशाला सांगू? चढतच होतं. सुरुंग नसलेला दिवस मला अळणी लागायचा.

एका संध्याकाळी पहिलवानाला न्यायला आला तेव्हा तो पट्ट्याशी उगाच चाळा करत राहिला. "खडक संपत आलाय. पुढचं काम बरंच लांब आहे… डोंगर फोडायचाय."

"अच्छा," मी म्हटलं. दिवसभर मांजरांशीसुद्धा गप्पा मारणारी मी, तेव्हा मूग गिळून बसले. त्याने पट्टा अडकवला. कुत्रा घेऊन गेला.

मग शेवटच्या सुरुंगाचा दिवस आला. फोन आला, औषध लागलं, पडदे ओढले गेले. आवाज झाला… पण नेहमीपेक्षा बारका. मी शिट्टीची वाट बघत राहिले. शिट्टी नाही. फोन नाही. पहिलवान माझ्या पावलावर हनुवटी टेकून निवांत पडला होता, आणि थरथरत होतं ते माझं पाऊल.

"जा," मावशी दारातून म्हणाली. "मी बसते त्याच्याजवळ."

मी तशीच पळाले, हातातल्या मोज्यांसकट. पहारेकऱ्याने फाटकाशी अडवलं. तेवढ्यात तो दूरच्या ढिगाऱ्याआडून येताना दिसला. सगळा धुळीने माखलेला, पण धड.

"फोन का नाही केला?" मी ओरडलेच.

"एक सुरुंग फुटला नाही, म्हणून शिट्टी नाही. थोडा वेळ थांबूनच त्याच्याजवळ जाता येतं. ऑफिस धोक्याच्या हद्दीत, तिथे जाता येत नाही. पहिलवान घाबरला का?"

"तो मजेत आहे. मी घाबरले! जीव टांगणीला लागला माझा. आणि तुम्ही उद्या डोंगर फोडायला निघालात… मला नाही चालणार. मला तुम्ही हवे आहात. आता म्हणा काय म्हणायचं ते."

पहारेकरी आभाळ न्याहाळू लागला. माझा निडर सुरुंगवाला फाटकाचा गज धरून उभा राहिला.

"जरा थांबा… आधी नीट उभा राहू दे मला," तो म्हणाला. "त्या कामाला अजून होकार दिलेला नाही मी. रोज ठरवायचो, तुम्हाला विचारू. पण तुम्ही 'अच्छा' म्हणालात ना."

"विचारा की मग!"

"राहशील माझ्याबरोबर? इथेच?"

"हो."

गजावरून त्याने माझी बोटं धरली, मोज्यासकट. मग सोडली. "तो न फुटलेला उडवून येतो. तारा पुन्हा जोडायच्यात. थांबशील ना?"

"थांबते."

पहारेकऱ्याने न बोलता आपलं स्टूल सरकवलं. मी बसले नाही. तो ढिगाऱ्याआड गेला आणि आता गज मी धरला. मग इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि असा आवाज झाला की पायाखालची जमीन हलली. मी कानांवर हात दाबले आणि मोठ्याने हसले. डोळे का भरले ते मला विचारू नका.

धूळ खाली बसायच्या आतच शिट्टी झाली, आणि तो माझ्याकडे चक्क पळत आला.